रीफवरचे मासे ओळखायला शिकताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कूबा डायव्हिंग करणाऱ्या मंडळींकडून रीफवरच्या, म्हणजे प्रवाळखडकांवरच्या, माशांबद्दल जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे प्रश्न पायाचे आहेत, पुढचे चकव्यांचे. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी कळेल. दुसऱ्या उत्तराची गरज असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. नुकताच ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला) कोर्स संपवलाय. मासे ओळखायला आत्ताच सुरुवात करू, की आधी डायव्हिंग नीट जमू दे?

आधी बॉयन्सी, म्हणजे पाण्यात तरंगण्यावरचा ताबा. हात न मारता, तळाला न टेकता एका जागी तरंगता येईपर्यंत डोळे हवा आणि खोली दाखवणाऱ्या गेजवर आणि लक्ष श्वासावर असतं, आणि ते तिथेच असायला हवं. माशाच्या नादात फिनचा फटका प्रवाळाला बसला, तर तो मासा ज्या घरामुळे तिथे आहे तेच घर आपण मोडतो.

तोवर हातावर हात ठेवून बसायची मात्र गरज नाही. स्नॉर्केल लावून दोन-तीन मीटर खोलीचं रीफ बघत राहा. तिथे उजेड भरपूर, रंग खरे आणि टाकीतली हवा संपण्याची काळजी नाही. डायव्हच्या शेवटी ५ मीटरवर ३ मिनिटांचा सेफ्टी स्टॉप, म्हणजे वर येण्याआधीचा थांबा असतो. तो रीफलगत असेल तर बहुतेक जण ती मिनिटं घड्याळाकडे बघत घालवतात. त्या तीन मिनिटांत समोरचा एकच मासा बघायचा, असं ठरवून टाका.

२. पाण्यात उतरलं की शेकडो मासे एकदम दिसतात आणि डोकं गरगरतं. सुरुवात नेमकी कुठून करायची?

जातीपासून नको, कुळापासून करा. इंडोनेशिया, फिलिपिन्स, पापुआ न्यू गिनी या भागातल्या ‘कोरल ट्रँगल’मध्ये रीफवरच्या माशांच्या दोन हजारांहून जास्त जाती आहेत. त्या पाठ करायला बसलात तर आठवड्यात कंटाळाल. पण दिवसाउजेडी जे मासे सहज नजरेत भरतात, त्यातले बहुतेक पंधरा-वीस कुळांत मोडतात आणि प्रत्येक कुळाची शरीराची ठेवण वेगळी असते. ‘हा सर्जनफिश’ एवढं म्हणता आलं की शोध हजारांवरून काही डझनांवर येतो.

एका डायव्हला एकच कुळ घ्या. आज फक्त बटरफ्लायफिश. बाकी सगळे खुशाल जाऊ देत. माझ्या मते शिकण्याची यापेक्षा चांगली रीत नाही, कारण एकाच घडणीचे मासे ओळीने बघितले की त्यांच्यातले फरक स्वतःहून पुढे येतात.

३. मग आधी कोणती कुळं शिकावीत, आणि ती ओळखायची कशी?

माझा क्रम सांगते. पहिलं कुळ बटरफ्लायफिश: बशीसारखं चपटं, उभट शरीर, पुढे आलेलं बारीक तोंड, बहुधा जोडीने फिरणं, आणि बऱ्याच जातींत डोळ्यावरून गेलेला काळा पट्टा. त्यांच्या जोडीला एंजलफिश घ्या. दोघांतला फरक प्रश्न ७ मध्ये आहे. मग सर्जनफिश. लंबगोल शरीर, छोटं तोंड आणि शेपटीच्या देठावर दोन्ही बाजूंना धारदार काटा, ज्यावरून नाव पडलं. त्याच कुळातल्या युनिकॉर्नफिशला दुमडणाऱ्या काट्याऐवजी पक्क्या, धारदार पट्ट्या असतात.

रॅस आणि पॅरटफिश पोहण्यावरून ओळखावेत. दोघंही छातीच्या परांनी वल्हवत जातात आणि शेपटी घाई असेल तेव्हाच वापरतात. ही वल्हवण्याची लय एकदा डोळ्यांत बसली की लांबूनही चुकत नाही. पॅरटफिशचे दात जुळून चोच झालेली असते. तो प्रवाळखडक खरवडतो तेव्हा ‘करकर’ असा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो, आणि थोड्या वेळाने त्याच्या मागे पांढऱ्या वाळूचा लोट सुटतो. ती वाळू म्हणजे त्याने दळून बाहेर टाकलेला खडक.

ट्रिगरफिश पाठीचा आणि पोटाकडचा मागचा पर एकाच वेळी लहरवत पोहतो. पफरफिश आणि बॉक्सफिशही शेपटीचा वापर कमीच करतात, पण त्यांची गोलमटोल किंवा चौकोनी अंगलट बघितली की प्रश्नच उरत नाही.

डॅमसेलफिश म्हणजे रीफवर सगळीकडे दिसणारे हाताच्या पंजात मावतील एवढे मासे. क्लाउनफिश याच कुळातले. यातले काही आपली शेवाळाची बाग राखतात आणि डायव्हरच्या मास्कवरही चाल करून येतात. ग्रूपर आणि स्नॅपर यांत गोंधळ होतो. ग्रूपर जाडजूड, मोठ्या तोंडाचा, खालचा जबडा पुढे आलेला, बहुधा एकटा आणि कपारीजवळ बसलेला. स्नॅपरचं डोकं निमुळतं, आणि त्यातल्या अनेक जाती दिवसा थव्याने पाण्यात तरंगत असतात.

हनुवटीखाली दोन मिशा दिसल्या की तो गोटफिश. मोठे डोळे, तांबूस अंग आणि दिवसा कपारीच्या अंधारात मुक्काम असेल तर स्क्विरलफिश किंवा सोल्जरफिश. त्यातही गालावर मोठा काटा असेल तर बहुतेक स्क्विरलफिश.

तळावर बसलेल्या बोटभर माशांत गोबी आणि ब्लेनी वेगळे करायचे असतील तर पाठ बघा. गोबीच्या पाठीवर दोन वेगळे पर असतात, ब्लेनीच्या पाठीवर बहुधा एकच लांबलचक. गोबी ताठ बसतो. ब्लेनी अंग वाकवून, डोकं उचलून बसतो आणि त्याच्या डोळ्यांवर अनेकदा झालरीसारखे तुरे असतात.

४. मासा दोन सेकंदांत निघून जातो. तेवढ्यात काय काय बघायचं?

आकार, तोंड, शेपटी, पोहण्याची ढब, जागा, खुणा, आणि सगळ्यांत शेवटी रंग. नवशिक्यांचा क्रम नेमका उलटा असतो. वर आल्यावर ते ‘पिवळा होता, निळ्या रेघा होत्या’ एवढंच सांगतात, आणि पिवळे-निळे मासे रीफवर ढिगाने आहेत.

शेपटी दुभंगलेली होती की गोल, सरळ कापल्यासारखी की चंद्रकोरीसारखी? तोंड टोकाला होतं, वर वळलेलं की खाली? मासा वाळूवर होता, प्रवाळाच्या फांद्यांत, कपारीत, की मोकळ्या पाण्यात? एकटा, जोडीने की थव्यात? यातल्या दोन-तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली तरी कुळ ठरतं.

खुणांमध्ये डोळ्यावरचा पट्टा, शेपटीच्या देठावरचा ठिपका आणि कल्ल्यांच्या झाकणाची कड या तीन जागा आवर्जून बघा. मिळत्याजुळत्या जातींमधला फरक वारंवार इथेच सापडतो. आणि पट्ट्यांबद्दल एक नियम पाळा. उभा-आडवा हे माशाच्या अंगावरून ठरवायचं. पाठीकडून पोटाकडे जातो तो उभा, डोक्याकडून शेपटीकडे जातो तो आडवा, मग मासा डोकं खाली करून तरंगत का असेना.

५. फोटोत लालभडक दिसणारा मासा मला पाण्यात करडा-तपकिरी दिसला. तो तोच होता का?

बहुधा तोच. पाणी सगळ्यांत आधी लाल प्रकाश शोषून घेतं. ५ मीटरवरच लाल मंदावतो आणि १० मीटरच्या पुढे बहुतेक नाहीसा होतो; त्यानंतर नारिंगी, मग पिवळा. निळा सगळ्यांत खोलवर टिकतो. फोटोतला लाल फ्लॅशच्या उजेडातला असतो.

यातली एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. इथे खोलीबरोबर माशाचं तुमच्यापासूनचं अंतरही धरावं लागतं. ३ मीटर खोलीवर असलेला, पण तुमच्यापासून ६ मीटर लांबचा मासाही रंग उडाल्यासारखा दिसतो, कारण उजेड तेवढं पाणी कापून तुमच्यापर्यंत येतो. म्हणून दिवसासुद्धा छोटा टॉर्च जवळ ठेवा. कपारीतल्या काळपट सोल्जरफिशवर तो क्षणभर टाका आणि काय होतं ते बघा.

६. मी ‘चांगला अर्धा मीटर होता’ म्हटलं की अनुभवी डायव्हर मान हलवतात. माझं काय चुकतं?

मास्कच्या सपाट काचेतून पाण्यातल्या वस्तू सुमारे एकतृतीयांश मोठ्या आणि एकचतुर्थांश जवळ दिसतात. ४० सेंटिमीटरचा वाटलेला मासा ३० सेंटिमीटरचा निघतो. त्यात उत्साहाची भर पडते ती वेगळीच.

जातीच्या वर्णनात दिलेली लांबी बहुधा कमाल लांबी असते, नेहमी दिसणारी नव्हे, हेही विसरू नका. उपाय सोपा आहे. तुमच्या स्लेटची (पाण्याखाली लिहायच्या पाटीची) लांबी पक्की माहीत असू द्या आणि मासा ज्या दगडाजवळ होता त्या दगडाशी ती ताडून बघा. स्लेटही तेवढीच मोठी दिसते, त्यामुळे हिशेब जुळतो.

७. बटरफ्लायफिश आणि एंजलफिश यांत मी दर वेळी फसतो. खात्रीची खूण कोणती?

कल्ल्यांच्या झाकणाच्या खालच्या कोपऱ्यातून मागे निघालेला काटा. एंजलफिशला तो असतो, बटरफ्लायफिशला नसतो. मोठ्या एंजलफिशमध्ये तर तो अनेकदा वेगळ्या रंगाचा असतो आणि दोन मीटरवरूनही दिसतो.

लांबून काटा दिसला नाही तर तोंड बघा. बटरफ्लायफिशचं तोंड चिमट्यासारखं पुढे आलेलं, एंजलफिशचं बोथट. हा काटा पुढे आणखी एका चकव्यात उपयोगी पडतो, प्रश्न ११ पाहा.

८. पाठीवर लांब पांढरा तुरा असलेला काळा-पांढरा-पिवळा मासा: मूरिश आयडॉल की बॅनरफिश?

शेपटी बघा. मूरिश आयडॉलची शेपटी काळी असते. बॅनरफिशच्या ज्या जातींशी त्याचा घोळ होतो, त्यांची पिवळी. मूरिश आयडॉलच्या लांबट मुस्कटावर पिवळ्या-नारिंगी रंगाचा डाग असतो, तीही खूण पक्की आहे. दिसायला सारखे असले तरी कुळं वेगळी आहेत. बॅनरफिश हे बटरफ्लायफिशच. मूरिश आयडॉल त्याच्या कुळातला आज एकटाच आणि सर्जनफिशचा नातेवाईक.

९. एकाच थव्यात तीन रंगांचे पॅरटफिश होते. तीन जाती समजायच्या का?

घाई करू नका. पॅरटफिश आणि रॅस या दोन गटांत एकाच जातीचे तीन वेगळे वेष असणं नेहमीचं आहे: पिल्लाचा, पहिल्या प्रौढ अवस्थेचा आणि शेवटच्या अवस्थेचा. पहिल्या अवस्थेत बहुधा माद्या असतात, काही जातींत थोडे नरही. रंग सहसा करडे, तपकिरी, तांबूस असे दबलेले. शेवटच्या अवस्थेतले ते हिरवे-निळे-गुलाबी भडक मासे म्हणजे नर, आणि त्यातले बरेचसे आधी मादी होते. यामुळेच पूर्वी शास्त्रज्ञांनीही एका जातीच्या दोन अवस्थांना दोन वेगळी नावं देऊन ठेवली होती.

कॅरिबियन समुद्रातला ब्लूहेड रॅस हे समजून घ्यायला सोपं उदाहरण आहे. थव्यातले बहुतेक मासे लहान आणि पिवळे असतात. त्यांच्यात एखादाच मोठा, निळ्या डोक्याचा, मानेवर काळे-पांढरे उभे पट्टे असलेला नर फिरतो. तो नाहीसा झाला की सर्वांत मोठ्या मादीचं वागणं लगोलग नरासारखं होतं, आणि पुढच्या काही दिवसांत तिचं शरीरही बदलतं. म्हणजे अर्धवट रंग बदललेला मासा दिसणंही शक्य आहे, आणि तो कुठल्याच चित्राशी जुळणार नाही.

पाण्यात करायचं एवढंच. भडक नर आधी ओळखा, तो सोपा असतो. मग त्याच्याबरोबर चरणारे दबक्या रंगाचे मासे कोण, ते बघा. ते त्याच जातीचे असतीलच असं नाही, कारण पॅरटफिश मिश्र थव्यांतही चरतात, पण शोध तिथून सुरू होतो. शेवटपर्यंत ठरलं नाही तर ‘पॅरटफिश, पहिली अवस्था’ ही नोंद पूर्ण आणि प्रामाणिक आहे.

क्लाउनफिशमध्ये उलटं घडतं. एका अ‍ॅनिमोनवरच्या (समुद्रफुलावरच्या) कुटुंबात सगळ्यांत मोठी मादी, तिच्याखालोखाल नर. मादी गेली की नराची मादी होते.

१०. पिल्लं ओळखायची कशी? ती तर आईबापांसारखी दिसतच नाहीत.

यावर सर्वसाधारण युक्ती नाही, ती एकेक करून शिकावी लागतात. पण आनंद इथेच सर्वांत जास्त आहे.

एम्परर एंजलफिशचं पिल्लू कपारीच्या तोंडाशी शोधा. गर्द निळ्या अंगावर पांढऱ्या आणि फिक्या निळ्या गोलाकार रेघा, एकात एक, शेपटीजवळच्या एका बिंदूभोवती फिरलेल्या. तुम्ही स्थिर राहिलात तर ते अर्धं बाहेर येतं, कुशीवर वळतं, पुन्हा आत जातं. हाच मासा मोठा झाला की निळ्या अंगावर पिवळ्या आडव्या रेघा आणि डोळ्यावर काळा पट्टा घेऊन वावरतो. मधल्या वयात दोन्ही नक्ष्या एकमेकींत मिसळलेल्या दिसतात.

हार्लेक्विन स्वीटलिप्सचं पिल्लू तपकिरी, त्यावर मोठे पांढरे डाग, आणि ते सतत अंग मुरडत पोहतं. प्रौढ मासा फिक्या अंगावर काळे ठिपके असलेला, शांत. पिनेट बॅटफिशचं पिल्लू काळं, कडेला नारिंगी किनार. रॉकमूव्हर रॅसचं पिल्लू तर वाहत आलेल्या शेवाळाच्या तुकड्यासारखं डोलतं.

म्हणून काहीतरी विचित्र हालचालीचं, इवलंसं, कपारीशी चिकटून असलेलं दिसलं तर ‘हे कोणाचं पिल्लू?’ हा प्रश्न आधी विचारा.

११. एक मासा दुसऱ्याची नक्कल करतो म्हणे. मग ओळखण्यावर विश्वास कसा ठेवायचा?

नक्कल रंगाची असते, तोंडाची आणि परांची क्वचितच. प्रश्न ४ मध्ये रंग शेवटी ठेवला आहे तो यासाठीच.

क्लीनर रॅस ठरावीक जागी मोठ्या माशांच्या अंगावरचे परजीवी टिपतो. एका ब्लेनीने त्याचा निळा-काळा पट्टेदार वेष जसाच्या तसा उचलला आहे, आणि संधी मिळाली की ती परांचा लचका तोडते. तोंड बघा. रॅसचं तोंड अगदी टोकाला असतं, ब्लेनीचं खाली सरकलेलं, पुढे नाक आल्यासारखं. मग गिऱ्हाइकांकडे बघा. खऱ्या क्लीनरपुढे मोठे मासे तोंड उघडून, पर पसरून थांबतात.

दुसरी जोडी सॅडल्ड पफर आणि त्याची नक्कल करणारा फाइलफिश. पफर विषारी, म्हणून भक्षक त्याच्या वाटेला जात नाहीत, आणि बिनविषारी फाइलफिश त्याचा फायदा घेतो. दोघांच्याही पांढऱ्या अंगावर काळी खोगिरं. पफरचे पाठीचा आणि पोटाकडचा असे दोन्ही पर आखूड, पंख्यासारखे. फाइलफिशचे दोन्ही लांब, झालरीसारखे. पर जवळजवळ पारदर्शक असतात, तेव्हा जवळ जाऊन, थांबून बघावं लागतं.

तिसरा चकवा चॉकलेट सर्जनफिशच्या पिल्लांचा. ती छोट्या पिवळ्या एंजलफिशचं हुबेहूब रूप घेतात. इथे प्रश्न ७ मधला काटा कामाला येतो, कारण तो रंगाने उसना घेता येत नाही.

१२. दोन डायव्हर एकाच नावाने दोन वेगळे मासे सांगतात. शास्त्रीय नावं पाठ करावीच लागतील का?

सगळी नाही, पण घोळाच्या जागी त्यांना पर्याय नाही. ‘ब्लू टँग’ घ्या. कॅरिबियनमध्ये ते अ‍ॅकँथुरस सेरुलियस. हिंद-प्रशांत भागात बरेच लोक त्याच नावाने पॅराकँथुरस हेपॅटस सांगतात, पिवळ्या शेपटीचा आणि अंगावर काळी नक्षी असलेला. पुन्हा कॅरिबियनमधल्या ब्लू टँगचं पिल्लू पिवळंधमक असतं, म्हणजे नाव आणि रंग दोन्हींनी फसवणूक.

लिनियसने १७५८ मध्ये प्राण्यांसाठी वापरलेली दोन शब्दांची पद्धत आजही चालते. पहिला शब्द प्रजातीचा, म्हणजे जवळच्या जातींच्या गटाचा (जीनस), दुसरा जातीचा. सुरुवातीला फक्त पहिला शब्द लक्षात ठेवला तरी पुरतो: कीटोडॉन, अ‍ॅकँथुरस, स्कारस. तोच तुम्हाला कुळाच्या आत एक पायरी खाली नेतो.

१३. फोटो काढून नंतर निवांत ओळखलं तर चालतं ना?

चालतं, आणि अवघड जातींसाठी ते गरजेचंही आहे. पण आधी डोळ्यांनी बघा, मग कॅमेरा उचला. जो मासा फक्त स्क्रीनवर बघितला, त्याची पोहण्याची ढब आणि संगत आठवत नाही, आणि कुळ ओळखायला त्याच गोष्टी लागतात.

ओळखीसाठीचा फोटो सुंदर नसला तरी चालेल. बरोबर बाजूने, पर उघडे असताना, शेपटीसकट घ्या. दुसरा फोटो डोक्याचा आणि तिसरा तो जिथे होता त्या जागेचा. वरून किंवा मागून काढलेला फोटो जवळजवळ निरुपयोगी ठरतो.

अ‍ॅपने सुचवलेलं नाव तिथेच मान्य करू नका. ते अनेकदा जास्त फोटो असलेली प्रसिद्ध जात पुढे करतं, मग ती दुसऱ्याच महासागरातली का असेना. फिशबेस या माशांच्या ऑनलाइन माहितीसंग्रहात त्या जातीचा आढळ आणि खोली तपासा. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकलंत तर जाणकार लोक नाव तपासून देतात. तिथे ठिकाण आणि खोली लिहायला विसरू नका.

१४. पाण्याखाली नोंदी कशा ठेवायच्या?

स्लेट आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. नाव माहीत नसेल तर माशाची बाह्यरेषा काढा आणि खुणेच्या जागी बाण मारा. चित्रकला येण्याची गरज नाही. रेषा काढताना शेपटी कशी होती हे आठवावंच लागतं, आणि तिथेच अर्धं काम होतं. वर आल्यावर त्याच दिवशी नोंदी पक्क्या वहीत उतरवा.

संख्येसाठी रीफ एन्व्हायर्नमेंटल एज्युकेशन फाउंडेशन या संस्थेची पद्धत सोयीची आहे: १, २ ते १०, ११ ते १००, आणि १०० हून जास्त असे चारच गट. मोजत बसावं लागत नाही. त्यांच्या सर्वेक्षणाचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. ज्याची खात्री आहे तेवढंच लिहायचं. अंदाजाने भरलेल्या यादीपेक्षा लहान पण पक्की यादी रीफच्या अभ्यासाला जास्त उपयोगी पडते.

१५. मी जवळ गेले की मासे पळतात. बडीसमोर (डायव्हमधल्या जोडीदारासमोर) मात्र निवांत असतात.

तुमचा बडी बहुधा त्यांच्याकडे जात नसेल. सरळ नाकासमोर चाल करून येणारी मोठी आकृती म्हणजे भक्षक, हा माशाचा हिशेब. तिरकं, हळू, त्याच्याच पातळीवर जा आणि दोन-तीन मीटर आधीच थांबा. हात अंगाशी. उच्छ्वास हळू सोडा म्हणजे बुडबुड्यांचा भडका उठत नाही. पण श्वास रोखून धरू नका, स्कूबावर ते जिवावर बेतू शकतं. एखाद्या मिनिटात रीफ पुन्हा आपल्या कामाला लागतं. पळालेल्या डॅमसेलफिश परत येतात, कारण त्यांची जागाच ती असते.

पाठलाग कधीच नको. हाताने हाकलणं, दगड उलटणं, पफरला फुगवणं हे तर मुळीच नको.

१६. कुठल्या माशांपासून लांब राहायचं?

स्टोनफिश, स्कॉर्पियनफिश आणि लायनफिश यांच्या परांचे काटे विषारी असतात. ते अंगावर धावून येत नाहीत. आपण त्यांच्यावर हात किंवा गुडघा ठेवतो. तळाला न टेकणं हाच बचाव, म्हणजे पुन्हा प्रश्न १ मधली बॉयन्सी. काटा लागलाच तर डायव्ह थांबवून सुरक्षितपणे वर या, भाजणार नाही पण सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग धरा आणि लगेच डॉक्टर गाठा.

टायटन ट्रिगरफिश मात्र खरोखर धावून येतो, जेव्हा वाळूतल्या घरट्यात अंडी असतात. तो आपली हद्द वरच्या दिशेने रुंदावत गेल्यासारखी राखतो, म्हणून घाबरून वर गेलात तर हद्दीतच राहता. फिन्स त्याच्याकडे करून आडवं दूर जा.

१७. रात्रीच्या डायव्हला ओळखीचे मासेही अनोळखी वाटले.

अनेक मासे रात्री रंग बदलतात. दिवसा निळे असणारे फ्युजिलियर तांबूस होतात, बऱ्याच रॅबिटफिशवर डागाळ नक्षी उमटते, काही बटरफ्लायफिशच्या अंगावर काळपट ठिगळं दिसतात. काही पॅरटफिश स्वतःभोवती चिकट, पारदर्शक कोष विणून झोपतात. तेव्हा रात्री रंग पूर्ण बाजूला ठेवा आणि शरीराच्या ठेवणीवरच भर द्या. झोपलेल्या माशाच्या डोळ्यांवर टॉर्च रोखू नका. उजेडाच्या कडेने बघा.

दिवसाही असे बदल होतात. काही गोटफिश सफाईच्या जागी थांबले की लालसर होतात आणि काम आटोपलं की पुन्हा फिके.

१८. एका समुद्रात शिकलेलं दुसरीकडे उपयोगी पडतं का?

कुळं पडतात, जाती बहुतेक नाहीत. तांबड्या समुद्रात शिकलेला माणूस कॅरिबियनमध्ये उतरला तर सर्जनफिश, रॅस, ग्रूपर लगेच सांगेल, पण नावं जवळजवळ सगळी नवी शिकेल. कॅरिबियनमध्ये बटरफ्लायफिशच्या मोजक्याच जाती आहेत, त्यामुळे तिथे हे कुळ थोड्या डायव्हमध्ये पुरं होतं. हवाईत रीफवरच्या माशांपैकी सुमारे पाव जाती अशा आहेत ज्या इतरत्र सापडतच नाहीत.

म्हणून नव्या ठिकाणी जाण्याआधी तिथली यादी बघा. ‘इथे ही जात असतेच का?’ या एका प्रश्नाने निम्म्या चुका टळतात. ठळक अपवाद लायनफिशचा. मूळचा हिंद-प्रशांत भागातला हा मासा १९८० च्या दशकात अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर दिसू लागला आणि आता कॅरिबियनभर पसरला आहे.

१९. सगळं नीट बघूनही जात ठरत नाही, असं होतं का?

होतं, आणि त्यात तुमचा दोष नाही. लायनफिशच्या टेरॉइस व्होलिटान्स आणि टेरॉइस माइल्स या दोन जाती इतक्या सारख्या आहेत की परांमधल्या काड्या मोजाव्या लागतात किंवा जनुकीय तपासणी करावी लागते. बारीक गोबींमध्ये आणि तपकिरी सर्जनफिशमध्येही अशा जागा आहेत. तिथे प्रजातीवर थांबा आणि पुढे ‘जात अनिश्चित’ लिहा.

२०. माझा मासा कुठल्याच चित्राशी जुळत नाही. नवी जात सापडली असेल का?

नव्या जाती अजूनही सापडतात, पण त्याआधी चार शक्यता तपासा. पिल्लू किंवा बदलता मासा (प्रश्न ९, १०), रात्रीचा किंवा प्रसंगी बदललेला रंग (प्रश्न १७), नक्कल (प्रश्न ११), आणि संकर. बटरफ्लायफिश आणि एंजलफिशमध्ये दोन जातींचे संकर अधूनमधून दिसतात. हिंदी महासागरातली ख्रिसमस आणि कोकोस बेटं त्यासाठी प्रसिद्ध आहेत, कारण हिंदी आणि प्रशांत महासागरांतल्या जाती तिथे एकत्र येतात. संकरित माशावर दोन्हीकडच्या खुणा असतात, आणि तो बहुधा आईबापांपैकी एका जातीच्या माशाबरोबर फिरताना आढळतो, म्हणून जोडीदाराचाही फोटो घ्या.

एवढं करूनही उत्तर मिळालं नाही तर दोन्ही बाजूंचे फोटो, ठिकाण, खोली, तारीख, तळ कसा होता आणि मासा काय करत होता हे लिहून एखाद्या निसर्गविज्ञान संग्रहालयातल्या मत्स्यतज्ज्ञाकडे पाठवा. मासा पकडू नका. पुढच्या डायव्हला त्याच कपारीपाशी पुन्हा जा. रीफवरचे बरेच मासे आपली जागा सोडत नाहीत.